घरतबाई आणि पाहुण्यांचा चषक

टीव्हीवर कुठल्याही खेळाचा समारोप सोहळा लागला की घरातली माणसं माझ्याकडे संशयाने बघतात. कारण मी हसतो. झेंडा उतरत असतो, खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडून रडत असतात, वाद्यवृंद गंभीर झालेला असतो, आणि मी उशीत तोंड खुपसून हसत असतो. मी दगड नाही. पण मी रोह्याचा समारोप बघितलेला आहे, आणि तोही घरतबाईंच्या शेजारी उभं राहून. त्यानंतर जगातला कुठलाही समारोप मनावर घेणं अवघड जातं.

मंजुळा घरत पेणच्या आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, मी इतिहासाचा. त्यांचं नाव ज्याने मंजुळा ठेवलं त्याने बहुधा त्या पहिल्यांदा रडायच्या आत बारसं उरकलं असावं. मैदानाच्या एका टोकाला उभ्या राहून त्या "ए गो, पाय!" असं ओरडल्या, की दुसऱ्या टोकाच्या मुलीबरोबर रस्त्यावरचे सायकलवालेही पाय खाली टेकायचे.

सुती पातळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हा त्यांचा बारमाही वेष. पातळावर बूट शोभत नाहीत, असं एकदा मुख्याध्यापकांनी फार सौम्य शब्दांत सुचवलं.

"बरोबर हाय सर," बाई म्हणाल्या. "उद्यापासून पातळ नाय नेसत."

मुख्याध्यापकांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

बाई खाडीकाठच्या गावातल्या. घर मिठागरात राबणारं. मिठागराच्या चिखलात ज्याचा पाय घसरला नाही त्याचा कुठेच घसरत नाही, असं त्या म्हणत. त्या स्वतः जिल्ह्याकडून कबड्डी खेळल्या होत्या आणि पकडीत त्यांचं नाव होतं. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं नव्याने आलेल्या एका शिक्षिकेने विचारण्याचं धाडस केलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "जो तो चढाईला यायचा नि रेषेवरनंच परत जायचा. आत आला असता तर सोडला नसता."

मूर्खपणाचं कुठलंही प्रदर्शन समोर घडलं, की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे. "छान हाय. फोटो काढून ठेवा." शाळेच्या नव्या कमानीवर 'विद्या विनयेन शोभते'मधला 'न' गळला, तेव्हा हेच. शिक्षकांच्या सभेत मुख्याध्यापक शिस्त या विषयावर बोलता बोलता स्वतःच जांभई देऊ लागले, तेव्हाही हेच. लांबलचक बोलणाऱ्यांबद्दल त्यांना एक व्यावसायिक आदरही होता. "बघा, मध्ये श्वास घेतला नाय," त्या माझ्या कानात म्हणत. "कबड्डीत असते तर आपण जिंकलो असतो."

आता वाटेल की बाई नुसत्या तोंडाळ होत्या. तोंडाळ होत्याच, पण गप्प बसूनही त्या माणसाला जेरीस आणू शकत. गागोद्याची एक मुलगी होती, चढाईला वाऱ्यासारखी. तिच्या वडिलांनी एके दिवशी फर्मान काढलं, की पोरगी अर्ध्या चड्डीत खेळणार नाही. बाई रविवारी एसटीने गागोदे बुद्रुकला गेल्या. वडील वाद घालायच्या तयारीने ओटीवर बसलेले. बाई त्यांच्याकडे न बघता थेट अंगणात गेल्या, तिथे मुलीची आई वाल सोलत बसली होती, तिच्यासमोर बसल्या आणि दुपारभर वाल सोलले. कबड्डीचा शब्द नाही. वडिलांनी खाकरून पाहिलं, पाणी मागून पाहिलं, शेवटी न राहवून विचारलं, "बाई, तुम्ही आल्या कशाला होत्या?"

"वाल सोलायला."

"आणि?"

"आणि काय? उद्या पोरीला पाठवा. नाय पाठवलंत तर मी पुढच्या रविवारी येईन. वाल संपले असतील तर तुरी सोलीन."

मुलगी सोमवारी मैदानावर होती. आतून लांब विजार, वरून अर्धी चड्डी, अशा तहाच्या पोशाखात. बाई म्हणाल्या, "छान हाय," आणि फोटोचं बोलल्या नाहीत.

टीव्हीचा आणि बाईंचा संबंध तसा ऑलिंपिकपुरता. त्यांच्या दीड खोलीत छोटा रंगीत टीव्ही होता. त्या वर्षीच्या ऑलिंपिकचा समारोप दूरदर्शनने दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवला, तेव्हा त्यांनी सगळ्या संघाला घरी बोलावलं आणि शेजारी म्हणून मलाही. पडद्यावर नाचगाणी, फटाके, झगमगाट चालला होता आणि बाई चहा गाळत त्यावर शेरे मारत होत्या. "एवढं नाचायचं बळ उरलंय म्हणजे खेळताना राखून ठेवलं होतं वाटतं." पण मग सगळ्या देशांचे खेळाडू मैदानात आले आणि बाई गाळणं हातात तसंच धरून थांबल्या. उद्घाटनाला जसे आपापल्या झेंड्यामागे रांगेत येतात तसे ते आले नव्हते. सगळी सरमिसळ. कोण कुठला, कोण जिंकला, कोण हरला, काही कळत नव्हतं. कुणी कुणाच्या खांद्यावर बसलं होतं.

"हे बरं हाय," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून निखळ कौतुक मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "आपल्याकडे हरलेल्याला एसटीच्या खिडकीतनं समारोप दिसतो."

आपल्याकडचा समारोप नेमका कुठून आणि कसा दिसतो, ते कळायला फार वेळ लागला नाही.

रोह्याला भाऊसाहेब नावाचे एक कंत्राटदार होते. पांढरा सफारी, पांढरे बूट, पांढरी मोटार. आमच्या शाळेच्या संचालक मंडळावर ते होते, कारण ते बहुतेक सगळ्याच मंडळांवर होते. त्यांनी रोह्यात मोठा कबड्डी महोत्सव भरवायचं ठरवलं. पुरुषांचे संघ, मुलींचे संघ, मांडव, कमानी आणि अगदी ऑलिंपिकसारखं उद्घाटन आणि समारोप. ऑलिंपिक त्यांनीही टीव्हीवर पाहिलं होतं, हे सगळ्यांच्या वाट्याला आलेलं दुर्दैव.

शिवाय थेट प्रक्षेपण! पेण आणि रोहा दोन्हीकडे केबलचं जाळं दिनू नावाच्या एका उत्साही गृहस्थाचं होतं. त्या काळात केबलवाल्याच्या चॅनेलवर आपली गल्ली दिसली की माणसं कृतार्थ होत. दिनूने जाहीर केलं, की समारोप रोह्यात घरोघरी थेट दिसेल. पेणलाही थेटच दिसेल, फक्त दुसऱ्या दिवशी. कारण रोह्याहून पेणला वायर नव्हती, कॅसेट रेल्वेने यायची होती. पेणच्या एकाही माणसाने यात काही विसंगती काढली नाही.

मुलींच्या संघाबरोबर एक पुरुष शिक्षक हवाच, असा आमच्या मुख्याध्यापकांचा नियम होता. मला कबड्डीतलं काहीही कळत नसल्याने ही निवड एकमताने माझ्यावर आली.

आमच्या मुली जिंकल्या. सामना कसा झाला ते मी सांगू शकत नाही, कारण मी बहुतेक वेळ डोळे मिटून घेतले होते. समोर रोह्याचाच संघ होता आणि त्यांची कर्णधार नंदा ही उंच, हाडापेराने मजबूत मुलगी आमच्या तिघीतिघींना ओढत नेत होती. अगदी शेवटी आमच्या सुगंधाने तिचा घोटा धरला आणि सोडला नाही. सुगंधा आमची कर्णधार, दहावीत होती. तिची आई पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायची आणि सुगंधाही सुट्टीत तिथेच असायची. तिच्या नखांतून पिवळा रंग कधी जात नसे. दहावीनंतर खेळ बंद, हे घरात ठरलेलं होतं. त्यामुळे आईला एकदा टीव्हीवर दिसायचं, चषक हातात घेऊन, एवढी एकच गोष्ट ती आठवडाभर बोलत होती.

सामना सकाळीच संपला. बक्षिसं मात्र समारोपात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. पाहुणे म्हणजे मुंबईचे कोणी फार मोठे अधिकारी. ते दुपारी यायचे होते. दुपार आली, पाहुणे आले नाहीत. सगळे खेळाडू उन्हात रांगा करून बसवलेले, कारण पाहुणे आल्या आल्या त्यांना रांगा दिसल्या पाहिजेत. मांडवाची सावली स्टेजवरच्या खुर्च्यांसाठी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण सावलीत होत्या.

"खुर्च्यांची काळजी घेतात हो ही माणसं," बाई म्हणाल्या.

दिनूचा कॅमेरा एकच. त्याची वायर रस्त्यापलीकडच्या त्याच्या दुकानातून निघून मैदानाच्या फाटकातून आत येत होती आणि जेमतेम स्टेजपर्यंत पोचत होती. सामन्याच्या आखलेल्या चौकोनापर्यंत पोचतच नव्हती. त्यामुळे सकाळचा अंतिम सामना रोहेकरांनी घरबसल्या थेट पाहिला, तो स्टेजवरच्या मान्यवरांच्या चेहऱ्यांवर. मान्यवर उजवीकडे बघू लागले की चढाई उजवीकडे चाललीय, असं प्रेक्षकांनी समजून घ्यायचं. समालोचनही दिनूच करत होता, कॅमेरा खांद्यावर ठेवून. त्यामुळे त्याला धाप लागली की चित्रही धापा टाकायचं.

शेवटी पाहुणे आले आणि सोहळ्याला सुरुवात झाली. पहिल्यांदा क्रीडाज्योत विझवायची होती. अडचण अशी, की ती उद्घाटनाच्याच दिवशी वाऱ्याने विझली होती आणि मग कोणाच्या लक्षातच राहिली नव्हती. आता सन्मानाने विझवण्यासाठी ती आधी पेटवणं भाग होतं. एका कार्यकर्त्याने घासलेट ओतलं, आणि जरा मनापासूनच ओतलं. ज्योत पेटली ती विझेना. भाऊसाहेबांनी मोठ्या गांभीर्याने फुंकर मारली. मग पुरुषांच्या विजेत्या संघाच्या कर्णधाराने मारली. शेवटी ओलं पोतं आणून टाकलं आणि "अशा रीतीने ही ज्योत आपल्या हृदयात तेवत राहील," असं दिनू म्हणाला.

त्यानंतर फुगे. ऑलिंपिकमध्ये फुगे वर गेले होते. इथले कार्यकर्त्यांनी सकाळपासून तोंडाने फुगवलेले. सोडल्याबरोबर ते शिस्तीत खाली आले आणि पाहुण्यांच्या पायाशी घोळू लागले.

"छान हाय," बाई म्हणाल्या. "फोटो काढायची पण गरज नाय. थेट चाललंय."

मग भाषणं. भाऊसाहेबांनी कबड्डीचा उगम महाभारतापासून धरला आणि आपल्या जन्मापर्यंत आणला. त्यात बराच वेळ गेला. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. पुरुषांची बक्षिसं झाली, उत्कृष्ट चढाईपटू झाला, उत्कृष्ट मांडववाला झाला. पाहुण्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं. तेव्हा भाऊसाहेबांनी माइक घेऊन सांगितलं, की वेळेअभावी मुलींच्या गटाची बक्षिसं संघव्यवस्थापकांनी उद्या कार्यालयातून घेऊन जावीत.

उन्हात बसलेल्या मुलींना ते लगेच समजलं नाही. नंदाच्या संघातल्या एकीने शेजारच्या आमच्या मुलीला विचारलं, "म्हंजे आपलं नाय?" सुगंधा उभी राहिली होती, बक्षिसासाठी नाव पुकारतील म्हणून. ती तशीच उभी राहिली.

मी बाईंकडे बघितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. मला गागोद्याचे वाल आठवले आणि भीती वाटली.

पुढची गोष्ट स्टेजवर एवढ्या घाईत झाली की ती कोणी मुद्दाम केली असं मी म्हणणार नाही. पाहुण्यांना द्यायचं स्मृतिचिन्ह आलंच नव्हतं. ते आणायला गेलेला माणूस पाहुण्यांच्या मागून रेल्वे फाटकात अडकला होता. पाहुणे निघाले, हात रिकामे. भाऊसाहेबांनी टेबलाकडे पाहिलं. तिथे एकच वस्तू उरली होती, उंच, चकचकीत, दोन कानांची. त्यांनी ती उचलली, पाहुण्यांच्या हातात दिली, टाळ्या वाजवल्या, आणि मुलींच्या गटाचा विजेता चषक मोटारीकडे चालू लागला.

बाईंनी पदर खोचलेलाच होता. त्या धावल्या नाहीत. कबड्डीतला मुरलेला पकडीचा खेळाडू धावत नाही, कोपरा धरतो. मोटार स्टेजमागून वळून फाटकाशी येईपर्यंत घरतबाई फाटकात उभ्या होत्या. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. बाई हलल्या नाहीत. आणि फाटकातूनच तर दिनूची वायर आत येत होती. म्हणजे अख्ख्या मैदानात कॅमेरा मोकळेपणाने फिरू शकेल अशी जागा एकच होती, ती ही. काहीतरी घडतंय म्हटल्यावर दिनू तिकडे वळला, आणि रोह्याच्या घराघरांत बाई दिसू लागल्या.

पाहुण्यांनी काच खाली केली. "काय पाहिजे बाई?"

"काय नाय साहेब," बाई म्हणाल्या, अगदी शांतपणे. "तुमच्या मांडीवर चषक हाय, त्यावर लिवलंय तेवढं जरा वाचा."

पाहुण्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं. "मुलींचा गट. विजेता संघ."

"तुम्ही त्यात बसत असाल तर न्या."

मैदानावर आधी कोणाला काही ऐकू गेलं नाही. पण दिनूचा माइक चालू होता. रस्त्यापलीकडे, त्याच्या दुकानातल्या टीव्हीसमोर जमलेल्या लोकांतून पहिलं हसू फुटलं. मग शेजारच्या इमारतीतून. मग खिडक्याखिडक्यांतून. रोहा हसतंय हे मैदानाला रस्त्यावरून कळलं.

पाहुणे मात्र सज्जन निघाले. ते लालबुंद झाले, मग स्वतःच हसले आणि चषक घेऊन मोटारीतून उतरले. "चुकलं बाई. चला, मी देतो मुलींना."

"नको साहेब, तुम्हाला उशीर होतोय. तुम्ही उन्हात उभे राहून टाळ्या वाजवा, पुष्कळ झालं."

आणि खरोखरच ते उन्हात उभे राहिले. बाईंनी मैदानाकडे तोंड करून हाक दिली. त्या हाकेला माइकची गरज नव्हती. "या गो सगळ्या! रांग नाय करायची!" दोन्ही संघांच्या मुली धावत फाटकाशी आल्या, घामेजलेल्या, उन्हाने काळवंडलेल्या, एकमेकींत मिसळलेल्या. बाईंनी चषक नंदाच्या हातात दिला.

"बाई, मी हरलेय," नंदा म्हणाली.

"म्हाईत हाय. जिंकली कोणाशी ते तिला कळाया नको? दे तिला."

नंदाने चषक सुगंधाला दिला. सुगंधाने तो डोक्यावर धरला आणि कॅमेऱ्यात बघून नुसतंच "आई" म्हणाली. रोह्याला ही आई कोण ते माहीत नव्हतं. पण तिथे गेटापाशी उभ्या असलेल्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. भाऊसाहेब स्टेजवर एकटेच आभार मानत होते. कोणाचे, ते कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेणला 'थेट प्रक्षेपण' होतं. बाईंच्या दीड खोलीत सगळा संघ, मी, आणि कारखान्यातून हात पुसत तशीच आलेली सुगंधाची आई. चषक टीव्हीच्या डोक्यावर ठेवलेला. ज्योत पेटली, विझेना. फुगे खाली आले. भाऊसाहेब महाभारतात शिरले आणि बाहेर आले. पाहुणे उठले. मुली पुढे सरकल्या.

आणि पडद्यावर गुलाब आला. काचेच्या फुलदाणीतला एक लाल गुलाब, मागे सनई.

गुलाब हलत नव्हता, आम्हीही हलत नव्हतो. बराच वेळ सनई वाजली. मग एकदम भाऊसाहेबांचं आभार प्रदर्शन, आणि लगेच साड्यांच्या सेलची जाहिरात.

"बाई," सुगंधाच्या आईने हळूच विचारलं, "आमची पोर कवा येनार?"

सुगंधा म्हणाली, "मी होते गो आई. खरंच होते. मलाच दिला." ती हे अशा आवाजात सांगत होती की जणू चोरी केली नाही हे सांगतेय. चषक तिच्या डोळ्यांसमोर होता, टीव्हीवर ठेवलेला. पण टीव्हीत नव्हता, म्हणजे काय उपयोग?

एरवी बाईंचं ठरलेलं वाक्य आलं असतं. आलं नाही. त्यांनी उठून टीव्ही बंद केला आणि मुलींना म्हणाल्या, "पोहे खा गो. थंड होतायत." पोह्यांवर पिळायचं लिंबू त्यांच्या हातून निसटून खाली पडलं. त्यांच्या हातून काही सुटताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

सकाळी बाई दिनूच्या पेणच्या दुकानात गेल्या. मी बरोबर होतो.

"बाई, माझा काय इलाज नाय," दिनू म्हणाला. "भाऊसाहेब स्वतः येऊन बसले. रोह्यात माझी वायर त्यांच्या इमारतींवरनं जाते."

"म्हंजे पेणने काय बघायचं ते रोह्याची गच्ची ठरवनार?"

"मूळ कॅसेट पण पुसून घेतली त्यांनी. शपथ घेतो."

"गुलाब कुठला होता?"

"माझ्या मेव्हण्याच्या लग्नाच्या कॅसेटीतला."

"छान हाय," बाई म्हणाल्या. "मेव्हण्याला सांग, त्याचं लग्न कबड्डीपेक्षा मोठं झालं."

शाळेत मुख्याध्यापक वाट बघत होते. संचालक मंडळाकडून फोन आला होता. पाहुण्यांचा अपमान, शाळेची शिस्त, वगैरे. शेवटी त्यांनी निर्णय सांगितला. कबड्डी दुसऱ्या शिक्षकांकडे जाईल, आणि बाईंना बोलण्याची एवढी हौस आहे तर त्यांनी वक्तृत्व स्पर्धा बघाव्यात. हा विनोद त्यांना स्वतःला फार आवडलेला दिसला. कबड्डी ज्या शिक्षकांकडे गेली, त्यांच्याबद्दल मी पेणच्या पोरींची माफी मागतो. सुदैवाने ते मी नव्हतो, बागकाम शिकवणारे होते.

बाईंनी मान डोलावली. "वक्तृत्व तर वक्तृत्व," त्या म्हणाल्या. "त्यात पण दम लागतोच."

पुढे त्यांच्या हाताखालच्या मुली वक्तृत्वाला जाऊ लागल्या. "अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजन" हा भाग बाईंनी काढूनच टाकला होता. मुली व्यासपीठावर जात, पाय घट्ट रोवून उभ्या राहत आणि थेट मुद्द्याला हात घालत. बक्षीस क्वचितच मिळे. परीक्षकांना धक्का बसलेला असे.

पण कॅसेट! त्या आठवड्यात रोह्याच्या एसटीचा कंडक्टर शाळेत आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू त्याने माझ्या हातात दिली. "रोह्याच्या पोरीने दिलंय," तो म्हणाला. "ती हरलेली, उंच." नंदाच्या काकांकडे व्हीसीआर होता. भाची टीव्हीवर दिसणार म्हणून त्यांनी समारोप घरी रेकॉर्ड करून ठेवला होता. भाची स्टेजवर कधीच दिसली नाही, पण फाटकात दिसली. भाऊसाहेबांनी दिनूची कॅसेट पुसली होती. रोह्याच्या प्रत्येक घरातली पुसायला त्यांना जरा जास्त मंडळांवर जावं लागलं असतं.

मग ती कॅसेट पेणभर फिरली. ज्यांच्याकडे व्हीसीआर होता त्यांच्याकडे माणसं जमत. "तुम्ही त्यात बसत असाल तर न्या" हे वाक्य बाजारात ऐकू येऊ लागलं. भाजीवाली जास्त भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्याला ते ऐकवायची, कशाशी संबंध नसला तरी. सुगंधाच्या आईने कारखान्याच्या मालकाच्या घरी ती बघितली. रंगाचे हात मांडीवर ठेवून. सुगंधाने मला नंतर सांगितलं, की घरी येताना आई एवढंच म्हणाली, "तुझ्या बाईंनी मोटार थांबवली गो. आपण तर भोंगा ऐकला तरी कडेला होतो." ही कथा असती तर सुगंधा पुढे देशाकडून खेळली असती. तशी ती खेळली नाही. पण अकरावी-बारावीची दोन वर्षं खेळली, आणि ती दोन वर्षं घरात ठरलेली नव्हती.

लोक आपलं चॅनेल सोडून कॅसेट बघतायत हे कळल्यावर दिनूने ती मागून नेली आणि 'खास लोकाग्रहास्तव' केबलवर दाखवली. भाऊसाहेबांनी रोह्यात सांगायला सुरुवात केली, की महोत्सवाची एवढी प्रसिद्धी त्यांच्या दूरदृष्टीमुळे झाली. मुख्याध्यापकांनी चषक आपल्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने दाखवला. कबड्डी मात्र बागकामवाल्यांकडेच राहिली. बाईंना मी एकदा विचारलं, की तुम्ही ती कॅसेट बघितली का?

"मी कशाला बघू? मी तिथेच होते की," त्या म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "चषक परत आणला, सर. संघ गेला. भाऊसाहेबांची पकड चांगली हाय, मानायला पाहिजे." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यातला टोमणा मला टोमणा वाटला नाही.

काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि खाडीकाठच्या आपल्या गावी गेल्या. निरोपसमारंभाला त्या आल्या नाहीत. त्या दिवशी गावात भरती होती आणि होडी मिळाली नाही, असं कारण त्यांनी कळवलं. त्यांच्या गावाला तोपर्यंत डांबरी रस्ता झाला होता, ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी समजूतदारपणे विसरून गेलो.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मी एसटीने महाडकडे निघालो होतो. खांब गावाजवळ हायवेवर गाडीचं चाक पंक्चर झालं आणि आम्ही सगळे खाली उतरलो. कापणी झालेल्या एका शेतात आसपासच्या गावांतल्या मुलींचे सामने चालले होते. कडेला, बायकांच्या घोळक्यात, छत्री उघडून घरतबाई बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. पायात बुटांऐवजी साध्या चपला.

"बाई, इकडे कुठे?"

"भाची दिलीय इथे. तुम्ही पंक्चर वाटतं?" त्यांनी माझ्याकडे धड बघितलंही नाही. डोळे मैदानावर.

"कोणता संघ आपला?"

"आपला कोणीच नाय. पण ती हिरव्या कपड्यातली बघा. एवढी बळकट हाय, नि घोटा कसा धरायचा ते कोणी शिकवलं नाय तिला. बोटांनी धरते. बोटांनी गजरा धरतात."

मी काही बोलणार, तेवढ्यात हिरवीच्या हातून चढाई करणारी पुन्हा सुटली आणि बाई उठल्या. छत्री माझ्या हातात दिली. चपला काढल्या. "थांबा हो जरा!" असं म्हणत त्या सरळ रेषा ओलांडून आत गेल्या. पंच म्हणजे एक तरुण शिक्षक, गळ्यात शिट्टी. तो हात पसरून म्हणाला, "आजी, आजी, सामना चाललाय, बाहेर व्हा."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. चाक बसलं होतं. मी छत्री बायकांपैकी एकीच्या हातात देऊन गाडीकडे पळालो आणि खिडकीतून वळून बघितलं. बाई खाली बसल्या होत्या आणि त्यांनी पंचाचा घोटा धरला होता, दोन्ही हातांच्या तळव्यांनी. हिरव्या कपड्यातली मुलगी वाकून बघत होती. दोन्ही संघांच्या पोरी भोवती गोळा झाल्या होत्या. पंच एका पायावर उभा होता आणि शिट्टी वाजवत होता, आणि बाई त्याला सोडत नव्हत्या.